म्हातारीवाल्यांच्या शोधात घणसोलीला

रोज सकाळी आठला माझ्या फोनवर एक मेसेज यायचा. 'म्हातारी हजर. पाणी फुल, डिझेल फुल, हवा ओके, पंप ओके.' सोबत एका जुन्या आगीच्या बंबाचा फोटो. मी उत्तर द्यायचो, 'बुटकी हजर. सगळं ओके.' त्यावर पलीकडून 'ओके' यायचं, की आमचं बोलणं संपलं. सहा वर्षं हे असं चाललं. मग एका सकाळी मेसेज आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर नुसता वाजायचा. अकरा दिवस वाट बघितली आणि बाराव्या दिवशी पिशवी भरून नवी मुंबईची एसटी धरली.

या ब्लॉगवर मी आजवर घाट, किल्ले आणि कुठे मिसळ चांगली मिळते एवढंच लिहीत आलो. पण माझा खरा नाद बंबांचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या कोरेगावात नगरपंचायतीचा एकच बंब होता, आखूड चेसीसचा, म्हणून आम्ही त्याला बुटकी म्हणायचो. मी त्याचा चालक. आमच्यासारख्या वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोजचे ते मेसेज त्यावरच यायचे. राज्यभरातले बंबवाले आणि रुग्णवाहिकावाले त्यात आहेत. कुणाचा पंप नवा, कुणाची शिडी किती उंच, कुणाचा भोंगा अजून हाताने फिरवायचा, यावर तिथे तासन् तास काथ्याकूट चालतो. घरच्यांना यातलं काही कळत नाही. ती त्यांची चूक नाही.

ग्रुपचे नियम दोनच. फुलं आणि सुविचार टाकायचे नाहीत. आणि फोटोत फक्त गाडी हवी; माणूस आला तर कापून टाकायचा. नावं कुणी कुणाला विचारत नाही, ज्याची जी गाडी तेच त्याचं नाव. मी बुटकीवाले. ते म्हातारीवाले, कुठल्याशा कंपनीच्या बंबावर.

आता वाचकांना एक गोष्ट सांगून टाकतो, जी ग्रुपला सांगितली नव्हती. मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बुटकी आता दुसरा कुणी चालवतो. बायको मुलीकडे नाशिकला आहे, नातीच्या शाळेमुळे. भांडण वगैरे काही नाही, पण घरी मी एकटा. रोज सकाळी आठला दाढीबिढी करून मी खुर्चीत बसायचो आणि फोनमधले जुने फोटो काढून 'बुटकी हजर' म्हणून टाकायचो. पाण्याचा, डिझेलचा मला पत्ता नसायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. पण त्या एका 'ओके'वर माझा दिवस सुरू व्हायचा, हे खरं आहे. तो बंद झाल्यावर मला कळलं की दिवसभरात माझी दखल घेणारा तेवढा एकच माणूस होता.

जाणाऱ्यांसाठी: साताऱ्याहून सकाळची एसटी घ्या आणि उजवीकडची खिडकी सोडा, ऊन तिकडून येतं. खंडाळ्याचा घाट उतरला की कळंबोलीला उतरायचं. तिथून कामोठ्याला रिक्षा लगेच मिळते, फक्त भाडं आधी ठरवा. वाटेत फूडमॉलवर गाडी थांबते तेव्हा चहा पिऊ नका, घरून थर्मास न्या. तो चहा कुठल्याच दृष्टीने चहा नसतो.

घाटात एक गोष्ट बघायची सवय मी सोडू शकत नाही. उताराला ट्रक बंद पडलेला दिसला की मी मनात बंब कुठे लावता येईल ते शोधतो. वळणाच्या अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला. शेजारच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, काय बघताय एवढं?" मी म्हणालो, "जागा." तिने कानात परत ते बोळे घातले.

कामोठ्यात माझी धाकटी बहीण राहते. निम्मं कामोठं आमच्याच बाजूचं आहे. तिच्या सोसायटीच्या पाट्यांवर आमच्या तालुक्यातली सगळी आडनावं वाचून होतात. दाजी वाशीच्या एपीएमसी मार्केटला कांद्याच्या गाळ्यावर हमाली करतात, पहाटे जातात, म्हणून रात्री लवकर झोपतात. बहिणीने पिठलं-भाकरी वाढली आणि विचारलं, "दादा, कुणाकडं आलायस म्हणालास?"

"एका मित्राकडं."

"नाव काय?"

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. म्हातारीवाले असं बहिणीला कसं सांगायचं?

"नाव माहीत न्हाई? मग मित्र कसला रं?" ती हसली, पण मला ते लागलं. हॉलमध्ये गादी घालून तिने दिवा बंद केला. मी फोन काढून त्यांचे सहा वर्षांचे फोटो चाळत पडलो. दोन हजारांच्या वर फोटो निघाले. पंप, चाकं, नळ्यांची गुंडाळी, भोंगा, डावीकडून, उजवीकडून. एकाही फोटोत चेहरा नाही. दारावर जिथे कंपनीचं नाव असायला हवं, तिथे प्रत्येक फोटोत लाल-पांढऱ्या चौकटीचा एक रुमाल टाकलेला. कंपनीतले फोटो बाहेर गेले तर नोकरी जाईल म्हणून ते झाकत असणार. मीही कधी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाच्या गाडीचा नट अन् नट ओळखायला लागलो होतो, आणि तो रस्त्यात समोर आला असता तर त्याला बाजूला व्हा म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी कामोठ्याच्या मानसरोवर स्टेशनवरून नेरूळला गेलो. (अकरानंतर निघा. ऐसपैस बसायला मिळतं.) तिथे आमच्या ग्रुपची ॲडमिन भेटणार होती; म्हातारीवाल्यांचा माग लागला तर तिच्याकडेच लागेल, म्हणून मी नवी मुंबई गाठली होती. ती एका खासगी हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवते. बत्तीस-तेहतीसची असेल. नुसता आवाज ऐकून सायरन कुठल्या गाडीचा ते सांगते, म्हणून तिला सगळे सायरनताई म्हणतात. प्रत्यक्ष आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. हॉस्पिटलच्या मागे, गाडीच्या पायरीवर बसून तिने मला कटिंग चहा पाजला.

"काका, टेन्शन नका घेऊ. माणूस इकडचाच आहे, बोलण्यावरून कळायचं. मेसेजमध्ये कधी कधी 'गाडी'च्या जागी 'गारी' लिहायचे. आगरी आहेत."

"पण कुठले?"

"ते मी पण कधी विचारलं नाही." ती जरा ओशाळली. "आपण गाडीच बघत बसलो ना सगळे."

मग आम्ही एक काम केलं, जे सहा वर्षांत कुणी केलं नव्हतं. फोटोत गाडी सोडून बाकी सगळं बघितलं. फोटो मोठे करून करून कोपरे तपासले. एकात मागे खोदून अर्धी झालेली टेकडी होती. एकात कारखान्याची चिमणी. एकात पत्र्याच्या शेडवर निळी पाण्याची टाकी, तिला पिवळी शिडी.

"अहो, ही टाकी!" तिने फोन हिसकावूनच घेतला. "रबाळेच्या पुढे, एमआयडीसीत. मी तिथून पेशंट उचललाय. त्या लाइनीत एक फायर स्टेशन पण आहे, तिथे विचारा. त्यांना एरियातल्या सगळ्या गाड्या—"

तेवढ्यात तिला कॉल आला. ग्लास तिने माझ्याच हातात दिला आणि अर्ध्या मिनिटात गाडी फाटकाबाहेर होती. सायरन सुरू झाला, वळणावर बारीक झाला, पुलापाशी ऐकू येईनासा झाला. मी दोन रिकामे ग्लास घेऊन उभा. ज्या आवाजामागे मी तीस वर्षं स्टिअरिंगवर होतो, त्याच्या बाहेर उभं राहून तो लांब जाताना ऐकणं मला अजून जमत नाही. टपरीवाल्याने विचारलं, "पेशंटचे नातेवाईक का?" मी नाही म्हणालो.

नेरूळवरून ठाण्याच्या गाडीने रबाळे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात. फायर स्टेशन बघायला जायचं असेल तर काही गोष्टी पाळा. दुपारी तीननंतर जा, तेव्हा माणसं जरा निवांत असतात. फाटकासमोर आपलं वाहन चुकूनही लावू नका. फोटो विचारून काढा. आणि गाडीला हात लावायच्या आधी परवानगी मागा, कारण तिथल्या माणसाला ती त्याच्या घरातली वाटते.

फाटकावर एक तरुण जवान नळ्या वाळत घालत होता. मी ओळख सांगितली, फोनवरचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा उजळला.

"अरे, म्हातारी! ओळखणार नाही का? भोंगा बघा ना तिचा. एरियात मोठी आग लागली की आमच्या मदतीला यायची. दोनदा तर आमच्या आधी पोचली होती."

"आता कुठे आहे?"

त्याने नळी खाली ठेवली. "कंपनी बंद झाली, काका. गाडी भंगारात गेली. दोन आठवडे झाले असतील. क्रेनने उचलून नेली, चालू गाडी. आमी इथून बघितली जाताना."

मी फोन खिशात ठेवला. त्याने विचारलं, "तुमची कोण होती?" गाडीबद्दल असा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसता.

"तिचा चालक शोधतोय मी. त्यांचं नाव?"

"नाव..." त्याने मागे वळून हाक मारली, "अरे, म्हातारीवाल्या काकांचं नाव काय रे?" आतून तीन जणांनी विचार केला आणि तिघांनाही आठवलं नाही. "आमी काकाच बोलायचो. घणसोली गावातले. ते नक्की."

घणसोली स्टेशनपासून गावठाण रिक्षाने दहा मिनिटं. बाहेरून बघाल तर सगळ्या उंच इमारती, आत शिरलात की गाव सुरू होतं. गल्ल्या अशा की आमची बुटकीसुद्धा आत आली नसती. मी सवयीने रुंदी मोजतच चाललो होतो. एका ओट्यावर एक आजी सुपात जवळा निवडत होती.

"कोन पायजे तुमाला?"

"कंपनीचा बंब चालवायचे ते. आगीचा बंब."

"नाव काय?"

"माहीत नाही."

आजीने सूप खाली ठेवलं. "नाव म्हाईत नाय, आनि घर शोधताय? इतं आख्खा गाव कंपनीन होता, बाबा. आमच्या शेतावंच कंपन्या झाल्या. कोना कोनाला सांगू?"

तिचं बरोबर होतं. तासभर फिरलो. शर्ट पाठीला चिकटला. सातारचे कंदी पेढे घेऊन आलो होतो, ती पिशवी हातात रुतायला लागली. एका देवळाच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच मनात आलं, परत जावं. शोधून करायचं काय होतं? तो माणूस मला बघून म्हणणार काय? मी त्याच्याशी रोज खोटं बोलणारा माणूस.

तिथून उठलो आणि पुढच्या बोळात मला एक मोटरसायकल दिसली.

बोळात मोटरसायकली पुष्कळ होत्या. सगळ्या जशा आल्या तशा लावलेल्या, तोंड भिंतीकडे. एकच तेवढी उलटी होती. मागचं चाक भिंतीला टेकवून, तोंड रस्त्याकडे, पुढे मोकळी जागा सोडून. हेल्मेट हँडलला, पट्टा उघडा. अशी गाडी दुसरं कोण लावणार? बंबवाला किराणा आणायला गेला तरी गाडी मागे घेऊनच लावतो, कारण घंटा झाली की वळवायला वेळ नसतो. माझी मोटरसायकल घरी आज अशीच उभी आहे, दोन वर्षं कुठे जायचं नसताना.

मान वर केली. पहिल्या मजल्याच्या कठड्यावर लाल-पांढऱ्या चौकटीचा रुमाल वाळत होता.

जिना चढलो. दार उघडंच होतं. आत लेंगा-बनियन घातलेला, माझ्याच वयाचा, रुंद खांद्याचा माणूस खुर्चीत बसला होता. टीव्ही लावलेला नव्हता, हातात पेपर नव्हता. दाढी वाढलेली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनाही एकमेकांची काही ओळख पटली नाही. मग मी म्हातारीवाल्यांचा रोजचा मेसेजच म्हणून दाखवला.

"पाणी फुल, डिझेल फुल, हवा ओके, पंप ओके."

तो माणूस उठून उभा राहिला. सरळ, कवायतीला राहतात तसा.

"बुटकी?" तो म्हणाला.

"हो."

"कोरेगावशी आलाव? माज्यासाठी?" मग त्याला काही सुधरेना. खुर्ची पुढे केली, परत मागे घेतली, पुसली, पुन्हा पुढे केली. आत हाक मारून सुनेला पाणी आणायला सांगितलं. "बसा. बसा ना. फोन घेतला नाय मी, रागावलाव काय?"

"काळजी वाटली."

"काय सांगू? गारी गेली." तो खाली बसला. "ग्रुप गारीवाल्यांचा. माज्याकरं गारीच नाय, त काय टाकू सकाली?"

मग तो बोलत राहिला. कंपनी उभी राहिली ती जमीन त्याच्या वडिलांची, भाताची. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. घराला आता काही कमी नाही. ही इमारत त्याच्या मुलाने बांधली, वरचे दोन मजले भाड्याने आहेत. "पोरगा बोलतो, पप्पा, आराम करा. आराम म्हंजे काय करतात? सकाली आठ वाजतात नि माजं हात शिवशिवतात." त्याने हात पुढे धरून दाखवले. उजवा अंगठा वाकडा होता. तो अंगठा मला ठाऊक होता, एका फोटोत व्हॉल्व्हच्या कडेला चुकून आलेला. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

आता माझी पाळी होती. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि म्हणालो, "मला एक सांगायचंय. बुटकी माझ्याकडे नाही. दोन वर्षं झाली, मी घरीच असतो. ते फोटो जुने आहेत."

त्याने मान हलवली. "म्हाईत हाय."

"काय?"

"तुमचा पुढचा डावा टायर. दोन पावसाले गेलं, त्याचा नक्षीचा एक दाना झिजला नाय." तो पहिल्यांदाच हसला. "मी रोज टायर बगतो."

दोन वर्षं. त्याला दोन वर्षं माहीत होतं आणि तरी रोज सकाळी तो मला 'ओके' म्हणत होता.

"मग बोलला का नाहीत?"

"कनाला बोलू? तुमी हजर होताव ना."

आपण लपवतोय या समजुतीत होतो, तेव्हा कुणीतरी आपल्याला सांभाळून घेत होतं, हे ऐकून बरं वाटावं की लाज वाटावी हे कळेना. दोन्ही वाटलं. पेढ्यांचा पुडा उघडत तो म्हणाला, "मी पन म्हातारीचं जुनं फोटो टाकाला बसलोवतो. बोट जाय नाय." मला जमलं होतं ते त्याला जमलं नाही. पण तो मला त्याबद्दल हसला नाही.

सुनेने तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी वाढली. (घणसोलीत कुणी जेवायला बसा म्हटलं तर नाही म्हणू नका. अशी भाकरी हॉटेलात मिळत नाही.) जेवताना आम्ही पंपाबद्दल बोललो, फक्त पंपाबद्दल. दुसरं काही बोलायची आम्हाला सवयच नव्हती. हात धुताना मात्र मी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"हसूराम. तुमचं?"

"दिनकर."

खाली उतरल्यावर त्याच्या सुनेने आमचा फोटो काढला. मध्ये हातभर अंतर सोडून दोन म्हातारे, मागे गाडी-बिडी काही नाही. रिक्षात बसताना मी म्हणालो, "सकाळी मेसेज टाकाल ना?" तो म्हणाला, "काय टाकू, ते सांगा." रिक्षा सुरू झाली. रिक्षा वळेपर्यंत तो बोळाच्या तोंडाशी उभा होता.

तिसऱ्या दिवशी परतीची एसटी कळंबोलीहून पकडली. (रविवारी आरक्षण करा, नाहीतर साताऱ्यापर्यंत उभं राहाल.) घाट चढताना बंब लावायच्या जागा मी या वेळी शोधल्या नाहीत. 'काय टाकू' या त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

घरी पोचलो तेव्हा घर होतं तसंच होतं. कोंदट वास, टेबलावर मी जाताना ठेवलेला कप. प्रवासाने माणूस बदलतो वगैरे मी मागे कुठेतरी लिहिलं असेल, ते विसरा. सकाळी दाढी केली, खुर्चीत बसलो. आठ वाजता फोन हातात घेतला, बुटकीचे फोटो उघडले आणि बंद केले. मग आम्हा दोघांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'दिनकर हजर. गाडी दोन वर्षांपासून नाही.'

सायरनताईने एकदा लिहायला घेतलं आणि थांबली. नियम मोडला होता, फोटोत माणसं होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली. मी चहाचं आधण ठेवायला उठलो, तेव्हा मागे फोन वाजला.

'हसूराम हजर. गारी नाय. ओके.'